रझमारा : नकाशा, तेल आणि आठ महिने

हाजी अली रझमारा यांचा जन्म १९०१ च्या मार्चअखेरीस तेहरानमध्ये झाला. त्यानंतर दोन महिन्यांनी, २८ मे १९०१ रोजी, इराणच्या काजार घराण्यातील शहाने विल्यम नॉक्स डार्सी या इंग्रज भांडवलदाराला तेल शोधण्याचा साठ वर्षांचा मक्ता लिहून दिला. उत्तरेकडचे पाच प्रांत वगळून सारा देश त्यात आला. मोबदला होता रोख वीस हजार पौंड, तेवढ्याच किमतीचे भाग आणि निव्वळ नफ्याचे सोळा टक्के. तो मक्ता आणि हे मूल पन्नास वर्षे समांतर वाढले आणि १९५१ च्या मार्चमध्ये तेरा दिवसांच्या अंतराने दोघांचा शेवट झाला. ७ मार्चला तेहरानच्या शाही मशिदीत पंतप्रधान रझमारा यांना गोळ्या घालण्यात आल्या. २० मार्चला सिनेटने तेलाच्या राष्ट्रीयीकरणावर शिक्कामोर्तब केले. दोन घटनांमधला संबंध केवळ पंचांगातला नाही.

नावातील ‘हाजी’मुळे ते मक्केला जाऊन आले होते असा समज होतो. तसे नव्हते. बकरी ईदच्या सुमारास जन्मलेल्या मुलाच्या नावाला हाजी जोडायची इराणात रीत आहे. या ‘हाजी’चे धार्मिक वर्तुळाशी कधी जुळले नाही. वडील लष्करात अधिकारी होते आणि मुलगाही त्याच वाटेने गेला. १९२१ मध्ये कोसॅक तुकडीचा अधिकारी रेझा खान याने तेहरान ताब्यात घेतले आणि चार वर्षांत तो रेझा शाह पहलवी झाला. विखुरलेल्या पलटणी एकत्र करून त्याने एक राष्ट्रीय सेना उभी केली आणि होतकरू तरुण अधिकाऱ्यांना शिक्षणासाठी फ्रान्सला धाडले. सँ-सीरच्या लष्करी विद्यालयात गेलेल्यांत रझमारा होते. तिथून त्यांनी दोन गोष्टी आणल्या: फ्रेंच भाषा आणि कागदावर युद्ध मांडण्याची शिस्त.

परतल्यावर उमेदीची वर्षे गेली पश्चिमेकडच्या डोंगरांत, करमानशाह आणि लुरिस्तानात. टोळ्यांची शस्त्रे काढून घेणे, त्यांच्या भटकंतीला लगाम घालणे, रस्ते पाडणे हे रेझा शाहच्या सेनेचे मुख्य काम होते आणि ते फार हळुवार हातांनी झाले नाही. हजारो लूर कुटुंबांना कळप सोडून सक्तीने एका जागी बसवण्यात आले. रझमारा त्या यंत्रणेचा भाग होते. फरक इतकाच, की ते चढाईबरोबर टिपणेही काढत. डोंगरवाटा, पाण्याच्या जागा, वस्त्या, टोळ्यांचे पोटभेद यांची ती टिपणे पुढे इराणच्या लष्करी भूगोलाच्या खंडांतून छापली गेली. सेनेच्या भूगोल विभागाची उभारणी हे त्यांचे खरे आवडीचे काम असावे. याच विभागाने इराणचा दहा खंडांचा भौगोलिक कोश काढला. त्यावर नाव आहे त्यांचे बंधू हुसेन अली रझमारा यांचे.

हा कोश उघडून पाहण्यासारखा आहे. मुंबई इलाख्याची जुनी गॅझेटियरे ज्यांनी चाळली असतील त्यांना तो ओळखीचा वाटेल, पण तो त्याहून कोरडा आहे. प्रत्येक गावाला चार-सहा ओळी. तालुक्याच्या ठिकाणापासून किती किलोमीटर, कोणत्या दिशेला. जमीन डोंगराळ की सपाट. हवा थंड की उष्ण. वस्ती किती. भाषा फारसी, तुर्की, कुर्दी की लुरी. पंथ शिया की सुन्नी. पाणी झऱ्याचे, नदीचे की कनातीचे, म्हणजे जमिनीखालून खोदत आणलेल्या पाटाचे. पीक काय, बायका गालिचे विणतात की घोंगड्या. आणि शेवटी रस्ता: मोटारीचा की ‘मालरो’, म्हणजे खेचराच्या वाटेचा. गावामागून गाव, खंडामागून खंड हाच साचा. त्या गावात कोण कुणावर रागावले आहे, हे मात्र त्या साच्यात बसत नाही.

ऑगस्ट १९४१ मध्ये ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांच्या फौजा दोन बाजूंनी इराणात शिरल्या. वीस वर्षे पोसलेली सेना काही दिवसांत विरघळली. रेझा शाहला गादी सोडावी लागली आणि त्याचा एकवीस वर्षांचा मुलगा मोहम्मद रझा शाह झाला. विरघळलेली सेना पुन्हा बांधणाऱ्यांत दोन नावे पुढे आली, रझमारा आणि हसन अर्फा. दोघांत विळ्याभोपळ्याचे सख्य. सेनाप्रमुखपद आलटून पालटून एकाकडून दुसऱ्याकडे जाई आणि ज्याच्याकडे येई तो दुसऱ्याची माणसे दूर फेकी. जुलै १९४६ मध्ये मुरब्बी पंतप्रधान अहमद कवाम यांनी हा खेळ संपवला. अर्फा तुरुंगात गेले आणि रझमारा सेनाप्रमुख झाले, ते पुढची चार वर्षे.

त्या वेळी इराणचा वायव्य कोपरा हातातून निसटला होता. सोव्हिएत फौजेच्या छत्राखाली तब्रीझमध्ये अझरबैजानचे आणि महाबादमध्ये कुर्दांचे, अशी दोन स्वायत्त सरकारे उभी होती. कवाम यांनी मॉस्कोला उत्तरेकडच्या तेलाचे आमिष दाखवून सोव्हिएत फौज परत पाठवली आणि निवडणुकीसाठी बंदोबस्त हवा असे सांगून डिसेंबर १९४६ मध्ये सेना तब्रीझवर धाडली. मोहिमेची आखणी रझमारा यांची होती. प्रतिकार जवळजवळ झाला नाही. महाबाद सरकारचे प्रमुख काझी मोहम्मद यांना ३१ मार्च १९४७ रोजी भर चौकात फाशी देण्यात आले. मुत्सद्देगिरी कवामची, नकाशा रझमारांचा आणि श्रेय शहाचे, अशी वाटणी झाली. तब्रीझ परत मिळाल्याचा दिवस पुढे सेनादिन म्हणून साजरा होऊ लागला.

मॉस्कोला दाखवलेले आमिष मजलिसने, म्हणजे इराणच्या संसदेने, ऑक्टोबर १९४७ मध्ये फेटाळले. पण त्याच ठरावात एक कलम घातले गेले: दक्षिणेकडच्या तेलातही राष्ट्राचे हक्क डावलले गेले असतील तर सरकारने ते मिळवावेत. उत्तरेकडच्या शेजाऱ्याला नकार देताना दक्षिणेकडच्या मक्तेदाराकडे बोट दाखवले गेले होते.

हा मक्तेदार म्हणजे डार्सीच्या मक्त्यातून उभी राहिलेली अँग्लो-इराणियन ऑइल कंपनी. १९०८ मध्ये मस्जिद-ए-सुलेमानला तेल लागले. १९१४ मध्ये ब्रिटिश सरकारने कंपनीचे निम्म्याहून अधिक भाग विकत घेतले, कारण आरमार कोळशावरून तेलावर नेले जात होते. अबादानचा तेलशुद्धीकरण कारखाना तेव्हाच्या जगातला सर्वांत मोठा मानला जाई. त्याच्या उभारणीत मुंबई बंदरातून भरती होऊन गेलेल्या हिंदी कारागिरांचा मोठा वाटा होता. फिटर, लोहार, कारकून असे हे लोक. वरच्या जागा इंग्रजांना, मधल्या हिंदी लोकांना आणि अंगमेहनत इराण्यांना, अशी ती उतरंड होती. १९३३ मध्ये रेझा शाहने मक्ता रद्द केल्याचा आव आणून नवा करार केला, पण त्यात मुदत १९९३ पर्यंत लांबली. दर टनामागे चार शिलिंग, असा हिशेब ठरला. १९५० साली इराणच्या पदरात सुमारे १ कोटी ६० लाख पौंड पडले आणि त्याच वर्षी कंपनीने ब्रिटिश सरकारला कर भरला तो ५ कोटींहून अधिक. ज्याच्या जमिनीतून तेल निघाले त्याच्यापेक्षा तीनपट पैसा दुसऱ्या देशाच्या तिजोरीत जात होता. तेहरानच्या बाजारातल्या माणसाला शिलिंग आणि टन कळत नसतील, पण हे प्रमाण त्याला कळत होते.

जुलै १९४९ मध्ये कंपनी आणि इराण सरकार यांनी पुरवणी करार केला. चार शिलिंगांचे सहा झाले. मजलिसची मुदत संपत आली होती. हुसेन मक्की या प्रतिनिधीने सलग चार दिवस भाषण लांबवून करार मतदानाला येऊच दिला नाही. त्यातून ऑक्टोबर १९४९ मध्ये मोहम्मद मोसादेक यांच्या नेतृत्वाखाली राष्ट्रीय आघाडी उभी राहिली. मोसादेक तेव्हा साठी उलटलेले होते. घराणे काजारांच्या नात्यातले, कायद्याचे शिक्षण स्वित्झर्लंडमधले, प्रकृती तोळामासा आणि सभागृहात डोळ्यांत पाणी यायला वेळ लागत नसे. लष्करी शिस्तीच्या माणसाला या प्रकाराचा उलगडा होणे कठीणच.

रस्त्यावर आणखी एक ताकद उभी होती. नव्वाब सफवी या तरुण मौलवीच्या फदाईयान-ए-इस्लाम संघटनेने मार्च १९४६ मध्ये इतिहासकार अहमद कस्रवी यांचा तेहरानच्या न्यायमंदिरात खून केला. त्यातला एक आरोपी हुसेन इमामी सुटला आणि त्याने नोव्हेंबर १९४९ मध्ये माजी पंतप्रधान अब्दुल हुसेन हझीर यांना मशिदीत मारले. त्याआधी फेब्रुवारी १९४९ मध्ये तेहरान विद्यापीठात शहावर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या. शाह जखमी होऊन वाचला. कम्युनिस्ट विचारांच्या तुदे पक्षावर बंदी आली आणि शहाने घटनेत बदल करून मजलिस बरखास्त करण्याचा अधिकार मिळवला. या हल्ल्यामागे सेनाप्रमुखाचा हात होता अशीही कुजबुज पुढे झाली. पुरावा कधी पुढे आला नाही. पण अशी कुजबुज शहाच्या कानात राहते.

तरीही २६ जून १९५० रोजी शहाने रझमारांनाच पंतप्रधान नेमले. आदल्याच दिवशी कोरियात युद्ध पेटले होते. वॉशिंग्टन आणि लंडनला तेहरानमध्ये खंबीर माणूस हवा होता. लंडनला शिवाय पुरवणी करार मंजूर करून घेणारा हवा होता. शहाची जुळी बहीण राजकन्या अश्रफ त्यांच्या बाजूने होती. रझमारा तेव्हा एकोणपन्नास वर्षांचे. अंगाने लहानखुरे, काटक; पहाटे कामाला बसणारे आणि हाताखालच्यांनाही पहाटे बसवणारे. दरबारी इराणात, जिथे मंत्र्यांचा दिवस दुपारकडे सुरू होई, तिथे हा शिरस्ता कौतुकाचा होता आणि भीतीचाही.

त्यांनी मजलिसमध्ये पाऊल टाकले तेव्हा राष्ट्रीय आघाडीच्या सदस्यांनी बाके बडवून सभागृह दणाणून सोडले. लष्करी हुकूमशाही येत आहे, असा आरोप झाला. रक्त सांडेल, मी मारीन आणि मारला जाईन, अशा आशयाचे मोसादेक यांचे उद्गार त्या वेळचे. म्हाताऱ्या कायदेपंडिताच्या तोंडी ते शोभले नाहीत, आणि आठ महिन्यांनी त्यांचा अर्थ वेगळाच दिसू लागला. बहुमत मात्र रझमारांना मिळाले.

कारभाराचा आराखडा त्यांनी नकाशासारखाच आखला होता. पहिले कलम होते प्रांतिक मंडळांचे. स्थानिक मंडळे निवडावीत आणि शाळा, दवाखाने, रस्ते यांचा कारभार त्यांच्याकडे द्यावा. सारा देश तेहरानच्या टेबलावरून चालवता येत नाही, हे लुरिस्तानात वर्षे काढलेल्या माणसाला ठाऊक होते. पण तब्रीझ आणि महाबाद यांना चारच वर्षे झाली होती. राष्ट्रीय आघाडीने यात देशाचे तुकडे करण्याचा ब्रिटिश डाव पाहिला. जो माणूस अझरबैजान परत आणण्याच्या मोहिमेचा आखणीकार, त्याच्यावरच फुटीरपणाचा आळ! विधेयक अडकून पडले.

दुसरे कलम नोकरशाहीच्या सफाईचे. सरकारी अधिकाऱ्यांची तीन वर्गांत विभागणी करणारी समिती आधीच कामाला लागली होती. अलिफ वर्ग कामाचा, बे वर्ग कमी कामाचा आणि जीम वर्ग घरी पाठवण्याचा. रझमारांच्या काळात या याद्या बाहेर आल्या आणि ‘बंद-ए-जीम’ हा शब्द तेहरानच्या गप्पांत शिवी म्हणून रुळला. तिसऱ्या वर्गात बडी बडी माणसे निघाली. दुखावलेली घराणी मजलिसमध्ये होती, दरबारात होती आणि वर्तमानपत्रांचे मालकही तीच होती. यादी करणे सोपे होते. यादीतल्या माणसांना खरोखर काढणे रझमारांनाही साधले नाही. हातात मात्र नवे शत्रू आले.

परराष्ट्र धोरणात त्यांनी सगळ्यांकडे थोडेथोडे दार उघडले. अमेरिकेशी ऑक्टोबर १९५० मध्ये तांत्रिक मदतीचा करार झाला. अमेरिकेचे नवे राजदूत होते हेन्री ग्रेडी, स्वतंत्र भारतात आलेले अमेरिकेचे पहिले राजदूत तेच. नोव्हेंबरमध्ये सोव्हिएत संघाशी व्यापार करार झाला आणि बीबीसी व व्हॉइस ऑफ अमेरिका यांचे कार्यक्रम तेहरान नभोवाणीवरून पुढे प्रसारित करणे थांबवण्यात आले. डिसेंबरमध्ये तुदे पक्षाचे दहा नेते कस्र तुरुंगातून पळाले. खोटा हुकूम आणि लष्करी ट्रक घेऊन आलेल्या अधिकाऱ्यांनी त्यांना राजरोस बाहेर काढले. तुदेची लष्करातली गुप्त शाखा किती खोल गेली होती हे पुढे उघड झाले, पण तेव्हा लोकांनी निष्कर्ष काढला की पंतप्रधानांनीच सोडले. ते ब्रिटिशांचे आहेत, रशियाचे आहेत, अमेरिकेचे आहेत, या तीनही गोष्टी एकाच वेळी बोलल्या जात. अमेरिकेने पंचवीस दशलक्ष डॉलरचे कर्ज कबूल केले होते, तेही हाती पडेना. तिजोरीत पैसा नव्हता आणि पैसा मिळण्याची एकच जागा होती.

पुरवणी करार मजलिसच्या तेल समितीपुढे होता. समितीचे सदस्य अठरा, अध्यक्ष मोसादेक. नोव्हेंबर १९५० मध्ये समितीने करार राष्ट्रहिताला पुरेसा नाही म्हणून नाकारला. डिसेंबरमध्ये अर्थमंत्री गुलाम हुसेन फुरूहर यांनी करार मागे घेतला, पण मागे घेताना कंपनीची बाजू अशी काही मांडली की सभागृह उसळले आणि त्यांना मंत्रिपद सोडावे लागले. महिनाअखेरीस बातमी आली, की अमेरिकी कंपनी अराम्कोने सौदी अरेबियाशी निम्मा-निम्मा नफा वाटून घेण्याचा करार केला आहे. आखाताच्या पलीकडच्या वाळवंटाला निम्मे आणि पन्नास वर्षे तेल देणाऱ्या इराणला टनामागे सहा शिलिंग! या बातमीनंतर पुरवणी कराराचा मुडदा उचलणेच बाकी राहिले.

कंपनीचे अध्यक्ष सर विल्यम फ्रेझर हे अडेलतट्टू म्हणून लंडनमध्येही प्रसिद्ध होते. रझमारांनी त्यांच्याकडे थोड्या सवलती मागितल्या होत्या: हिशेब तपासू द्या, इराणी माणसांना वरच्या जागा द्या, काही रक्कम आगाऊ द्या. उत्तर यायला उशीर झाला. फेब्रुवारी १९५१ मध्ये कंपनी निम्म्या-निम्म्या वाटणीवर बोलायला तयार झाली तेव्हा वेळ निघून चालली होती. आणि इथे रझमारांनी जे केले त्याचा अर्थ आजवर नीट लागलेला नाही. ही तयारी त्यांनी मजलिसला सांगितली नाही. योग्य क्षणी पत्ता टाकून विरोधकांना गारद करायचे होते असे काही अभ्यासक मानतात. शाह किंवा लंडन ऐनवेळी फिरेल ही भीती होती असे काहींना वाटते. कारण काहीही असो, ताकाला जाऊन भांडे लपवण्याचा हा प्रकार महागात पडला. लोकांसमोर होता तो फक्त राष्ट्रीयीकरणाला विरोध करणारा पंतप्रधान.

तो विरोध ३ मार्च १९५१ रोजी त्यांनी तेल समितीपुढे कागदावर मांडला. सोबत तज्ज्ञांचे अहवाल होते. इराणकडे अबादान चालवण्याइतके अभियंते नाहीत, तेल वाहून नेणारी जहाजे नाहीत, बाजारपेठ कंपनीच्या हातात आहे, करार एकतर्फी मोडला तर मोठी भरपाई द्यावी लागेल. मुद्दे खोटे नव्हते. पण याच सुमारास त्यांच्या तोंडी एक वाक्य घातले गेले, की ज्यांना लुलेहंग बनवता येत नाही ते तेल काय चालवणार! लुलेहंग म्हणजे शौचाला नेण्याचे तोटीचे मातीचे भांडे, आपल्याकडच्या टमरेलाचा मातीचा भाऊ. मूळ बोलणे सिमेंटच्या कारखान्याबद्दल होते असेही सांगतात. नेमके काय म्हटले गेले याला नंतर महत्त्व राहिले नाही. जहाजे आणि अभियंते यांची आकडेवारी कुणाच्या लक्षात राहिली नाही, टमरेल राहिले. आजही रझमारांचे नाव निघाले की बहुतेक इराण्यांना आधी हेच वाक्य आठवते.

बाहेर अयातुल्ला काशानी होते. लेबननमधल्या हद्दपारीतून १९५० च्या जूनमध्ये, रझमारांच्या नेमणुकीच्या थोडे आधी, ते परतले होते आणि त्यांच्या शब्दावर बाजार बंद होई. राष्ट्रीयीकरणाला विरोध म्हणजे धर्मद्रोह, असे मशिदींतून ऐकू येऊ लागले. फदाईयानने आपल्या सभांतून पंतप्रधानांना उघड धमक्या दिल्या.

७ मार्च, इराणी पंचांगात १६ इस्फंद. अयातुल्ला फैझ या धर्मगुरूंच्या निधनानिमित्त शाही मशिदीत शोकसभा होती. अशा सभेला पंतप्रधानांनी जाणे हा शिरस्ता होता. मजूरमंत्री असदुल्ला आलम, शहाचे जिवलग, त्यांच्यासोबत होते. बाजाराच्या बाजूने उतरून दोघे अंगणात आले. पोलिसांनी दोन रांगा धरून मधून वाट ठेवली होती. त्या वाटेने पंतप्रधान चालत असताना गर्दीतून एक तरुण त्यांच्या मागे आला आणि त्याने पिस्तुलातून तीन गोळ्या झाडल्या. रझमारा जागीच कोसळले. मारेकरी पकडला गेला. तो निघाला खलील तहमासबी, वय सव्वीस, धंद्याने सुतार, फदाईयानचा सदस्य.

पोलिसांच्या दोन रांगांत शिरून एक माणूस पंतप्रधानांपर्यंत कसा पोचला, हा प्रश्न त्या दिवसापासून विचारला जातो. प्राण घेणारी गोळी सुताराच्या पिस्तुलाची नसून लष्करी बनावटीच्या मोठ्या पिस्तुलाची होती आणि ती गर्दीतल्या एका साध्या वेषातील सैनिकाने झाडली, असा दावा एका निवृत्त अधिकाऱ्याने आठवणींत केला आहे. शहाला आपला बलदंड सेनापती डोईजड झाला होता, यात शंका नाही. एका कोसॅक अधिकाऱ्याने काजारांची गादी घेतली तो प्रसंग पहलवी घराण्याला विसरता येण्याजोगा नव्हता. पण हेतू असणे वेगळे आणि हात असणे वेगळे. तहमासबीने खुनाची कबुली दिली आणि तिचा अभिमान बाळगला; फदाईयाननेही श्रेय कधी सोडले नाही. उपलब्ध पुराव्यावर त्यापलीकडे जाता येत नाही.

परिणाम दुसऱ्याच दिवशी दिसला. ८ मार्चला तेल समितीने राष्ट्रीयीकरणाचे तत्त्व मान्य केले. १५ मार्चला मजलिसने आणि २० मार्चला, नवरोझच्या आदल्या दिवशी, सिनेटने ते संमत केले. आदल्याच आठवड्यात गोळीने काय होते ते पाहिलेल्या सभासदांपैकी विरोधात उभे राहायला कोणी धजले नाही. रझमारांच्या मंत्रिमंडळात काही काळ शिक्षणमंत्री असलेले अब्दुल हमीद झंगने यांच्यावर १९ मार्चला विद्यापीठात गोळ्या झाडल्या गेल्या आणि काही दिवसांत ते वारले. मधल्या काळात हुसेन अला पंतप्रधान झाले आणि एप्रिलअखेर मोसादेक.

रझमारांच्या घरावर त्या वसंतात दुसरा आघात झाला. त्यांची पत्नी अन्वर-उल-मुलूक ही कादंबरीकार सादेक हिदायत यांची बहीण. हिदायत डिसेंबर १९५० मध्ये पॅरिसला गेले होते आणि एप्रिल १९५१ मध्ये तिथल्या भाड्याच्या खोलीत गॅस सोडून त्यांनी आत्महत्या केली. मेव्हण्याच्या खुनाला तेव्हा जेमतेम महिना झाला होता. त्यांच्या मनातला अंधार फार जुना होता, त्यामुळे एका घटनेतून दुसरी घटना काढणे अन्यायाचे होईल. या घराण्याचा एक धागा मुंबईत येतो. १९३६-३७ मध्ये हिदायत मुंबईत राहिले, बहरामगोर अंकलेसरिया यांच्याकडे पहलवी भाषा शिकले आणि ‘बूफ-ए-कूर’, म्हणजे ‘आंधळे घुबड’ ही कादंबरी त्यांनी इथेच सायक्लोस्टाइल करून काढली. प्रती सुमारे पन्नास, आणि वर सूचना, की इराणात विकू नये. ज्या काळात मेव्हणा लुरिस्तानच्या वाटा मोजत होता, त्याच काळातली ही गोष्ट.

रझमारांचा हिशेब पुढच्या तीन वर्षांत तपासला गेला. ब्रिटनने इराणी तेलावर बहिष्कार घातला, अबादान ठप्प झाले, जहाजे मिळाली नाहीत, निर्यात जवळजवळ थांबली. ऑगस्ट १९५३ मध्ये ब्रिटन-अमेरिकेच्या गुप्तहेर खात्यांनी घडवलेल्या उठावात मोसादेक पदच्युत झाले. १९५४ मध्ये परदेशी कंपन्यांच्या संघाशी जो करार झाला त्यात वाटणी होती निम्मी-निम्मी. अभियंते आणि जहाजे यांबद्दल सेनापती बरोबर होते. मात्र अबादानची उतरंड खाली राहून पाहिलेल्या माणसाला तेल म्हणजे शिलिंग नव्हेत, ही गोष्ट त्यांच्या एकाही खंडात नोंदलेली नव्हती.

तहमासबीची कहाणी याच काळाबरोबर वर-खाली गेली. ऑगस्ट १९५२ मध्ये मजलिसने त्याच्यासाठी एक-कलमी कायदा केला. रझमारांचा देशद्रोह राष्ट्राला पटला असल्याने त्यांचा मारेकरी जर ‘उस्ताद’ खलील तहमासबी असेल तर तो निर्दोष आहे, असा त्याचा मथितार्थ. उस्ताद म्हणजे इथे मिस्त्री. न्यायालयाचा निकाल यायच्या आधी विधिमंडळाने मृताला दोषी आणि मारेकऱ्याला निर्दोष ठरवल्याची ही घटना कायद्याच्या विद्यार्थ्यांनी लक्षात ठेवावी अशी आहे. नोव्हेंबरमध्ये तो सुटला आणि काशानींच्या घरी त्याचे स्वागत झाले. उठावानंतर वारे फिरले. नोव्हेंबर १९५५ मध्ये पंतप्रधान हुसेन अला यांच्यावर हल्ला झाला, ते बचावले, आणि फदाईयानचे पुढारी धरले गेले. १८ जानेवारी १९५६ रोजी नव्वाब सफवी आणि दोन साथीदारांसह तहमासबीला गोळ्या घालून देहदंड देण्यात आला. १९५२ चा कायदा आड आला नाही.

१९७९ च्या क्रांतीनंतर शाही मशिदीला इमाम खोमेनी यांचे नाव मिळाले. तेहरानमधून जाणाऱ्या एका मोठ्या द्रुतगती मार्गाला नव्वाब सफवीचे नाव आहे. २९ इस्फंद, तेल राष्ट्रीयीकरणाचा दिवस, ही इराणात सार्वजनिक सुट्टी आहे. १६ इस्फंदला कचेऱ्या नेहमीसारख्या उघडतात. भौगोलिक कोशाचे दहा खंड ग्रंथालयांत आहेत आणि एखाद्या ओसाड पडलेल्या गावाची जुनी लोकसंख्या, जुनी भाषा किंवा आटलेल्या कनातीचे पाणी शोधायचे असेल तर संशोधक अजूनही तेच उघडतात.